जिथं घडणावळ धातूपेक्षा मोठी : ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’मधले बुटके

संगणकावरच्या खेळांत बुटके म्हटले की ठरलेला माल मिळतो. लांब दाढी, हातात कुऱ्हाड, पुढ्यात दारूचा पेला, सोन्याची हाव आणि एल्फ, म्हणजे परीकथेतली जंगलात राहणारी जमात, दिसला की शिव्या. ही माणसं खातात काय, पोरं कशी वाढवतात, मेलेल्याचं काय करतात, चोरी झाली तर निवाडा कुणी करायचा, याचा कुठं पत्ता लागत नाही. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ या खेळात या सगळ्याची उत्तरं आहेत, म्हणून मी तो इतके महिने सोडलेला नाही. या परीक्षणात मी खेळाच्या बटणांपेक्षा त्यातल्या लोकांबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण पैसे द्यायचे ते त्या लोकांसाठी.

आधी थोडी माहिती. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या दोन अमेरिकन भावांनी 2002 मध्ये याचं काम सुरू केलं. टार्न गणितात पीएचडी झालेला माणूस. 8 ऑगस्ट 2006 ला पहिली आवृत्ती बाहेर आली आणि पुढं कितीतरी वर्षं दोघं भाऊ, लोक स्वखुशीनं देतील त्या पैशांवर जगत, खेळ फुकट वाटत राहिले. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं 2012 मध्ये आपल्या संग्रहात पहिल्यांदा जे मोजके व्हिडिओ गेम घेतले, त्यांत हा होता. तेव्हा पडद्यावर चित्रं नव्हती, नुसती अक्षरं आणि चिन्हं. 6 डिसेंबर 2022 ला किटफॉक्स गेम्स या प्रकाशकांनी स्टीम या खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात चित्रांची, माउसवर चालणारी आणि संगीत असलेली आवृत्ती आणली. मी लिहितेय ती हिच्याबद्दल.

आता मी कोण, हेही सांगायला हवं, कारण माझं मत तिथून आलंय. मी खानापूर तालुक्यातल्या गलाई घरातली. गलाईवाला म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून, त्यातली भेसळ काढून शुद्ध करून देणारा. विटा, खानापूर, आटपाडी या बाजूची माणसं दुष्काळाला कंटाळून या धंद्यात पडली आणि देशभर पांगली. लांबच्या एखाद्या शहरातल्या सराफ गल्लीत गेलात आणि भट्टीवरचा माणूस आमच्याकडचं मराठी बोलायला लागला, तर नवल करू नका. आमच्या आण्णांची भट्टी कोइमतूरला होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिकडं जायचो. मूस, चिमटे, टाकणखाराची पुडी, तेजाबाचा घशात बसणारा वास, आणि दिवसभर भट्टीपुढं उघड्या अंगानं बसलेले आण्णा. आता मी सांगलीत विश्रामबागला राहते आणि कुपवाड एमआयडीसीत एका फौंड्रीत कास्टिंगची तपासणी करते. धातू काही मला सोडत नाही. हा खेळ मला भाच्यानं दाखवला. “आत्या, बघ की, ही माणसं आपल्यागतच भट्टीवर बसल्यात,” म्हणाला, आणि लॅपटॉप माझ्याकडं सरकवला.

खेळ सुरू होतो सात बुटके, एक गाडी आणि समोर डोंगर एवढ्यावर. कुणा एका बुटक्याला हाताला धरून इकडून तिकडं नेता येत नाही. आपण फक्त खुणा करायच्या: इथं खणा, इथं भट्टी बांधा, इथं बिछाने घाला. कोण येईल आणि कधी येईल, हे ज्याच्या त्याच्या अंगातल्या कसबावर, भुकेवर आणि त्या दिवसाच्या मनावर. प्रत्येकाच्या माहितीची पानं असतात. त्यांत त्याचा आवडता दगड, आवडता धातू, आवडतं जनावर, देव, मित्र, वैरी, आयुष्यात काय करून दाखवायचंय ते, आणि कशाला तो किती मान देतो ते, सगळं लिहिलेलं सापडतं. कायदा, निष्ठा, कुटुंब, सचोटी, कष्ट, कला, कारागिरी अशी ती यादी चालते. त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं असं की समाजाची मूल्यं आणि माणसाची मूल्यं वेगवेगळी नोंदवलेली असतात. आपल्या लोकांसारखीच हीसुद्धा कारागिरीला सर्वांत वर मानते, पण रूढीचं तिला काही वाटत नाही, अशा अर्थाची वाक्यं येतात. म्हणजे एक जात, एक स्वभाव, असा सरसकट शिक्का मारलेला नाही. माझ्या वसाहतीतला एक गवंडी होता, त्याला स्पर्धा अजिबात सहन व्हायची नाही आणि त्याची बायको सैन्यात पहिलं नाव मिळवायला झुरत होती. त्यांचा संसार बरा चालला होता.

आता मुख्य गोष्टीवर येते. खेळात प्रत्येक वस्तूची किंमत कशी ठरते ते बघा. धातूला एक मूळ मोल आहे: लोखंड 10, चांदी 10, सोनं 30, पोलाद 30, प्लॅटिनम 40. बुटक्यांच्या हिशोबात पोलाद आणि सोनं बरोबरीचं. फौंड्रीत उभी राहणारी बाई म्हणून हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण चांगलं पोलाद हाताला यायला किती मेहनत लागते ते मला ठाऊक आहे. पण खरी गंमत पुढं आहे. वस्तू साधी झाली तर तेवढंच मोल, आणि हात जसजसा चांगला पडेल तसतसा गुणक वाढत जातो. उस्तादाच्या हातचं सर्वोत्तम काम असेल तर 12 पट. म्हणजे उस्तादानं केलेला लोखंडी पेला साध्या हाताच्या सोन्याच्या पेल्याच्या चौपट मोलाचा. आणि झपाटलेल्या अवस्थेत घडलेल्या, स्वतःचं नाव असलेल्या वस्तूला 120 पट.

गलाईच्या घरात वाढलेल्या माणसाला हे आकडे नुसते आकडे वाटत नाहीत. आमच्याकडं दागिना आला की त्याचं वजन आणि कस एवढंच बघायचं. घडणावळ शून्य. नवा घेताना सराफाला मोजून दिलेली घडणावळ, मोडायला आणल्यावर एक पैसाही परत येत नाही, हे कुठल्याही बाईला विचारा. ठुशी असो, मोहनमाळ असो, कुणाच्या आजीच्या बोरमाळेचा एकेक मणी कुणी डोळे फोडून घडवलेला असो, मुशीत सगळ्याचं एकच पाणी. मला आठवतं, आण्णा मुशीत टाकायच्या आधी दागिना एकदा दारापाशी नेऊन उजेडात फिरवून बघायचे. काही बोलायचे नाहीत. कुणी केलाय हे विचारायची सोयच नव्हती. घेऊन येणाऱ्यालाही ते ठाऊक नसायचं. धंदा प्रामाणिक होता आणि त्यानंच आम्हाला शिकवलं, वाढवलं. पण घडवणाऱ्याचं नाव आमच्या भट्टीत जळत होतं, हेही तितकंच खरं.

या बुटक्यांकडं ते जळत नाही. पेला उचलून बघितला की तो कुणी केला ते समजतं, त्यावर नक्षी दुसऱ्याची असली तर त्याचंही नाव. उस्तादाचं एखादं सर्वोत्तम काम नासलं किंवा चोरीला गेलं, तर करणारा मनातून खचतो आणि ते दुःख त्याच्या पानावर नोंदलं जातं. पुढं वर्ष-दोन वर्षांनी त्याला ती गोष्ट आठवते आणि तो पुन्हा हळवा होतो. विकायला मात्र त्यांची ना नाही. व्यापाऱ्याच्या गाडीतून आपलं काम परमुलखात जावं, यात त्यांना वावगं वाटत नाही. वस्तू दुसऱ्याची झाली तरी चालेल, तिचा नाश व्हायला नको. कारागिराचं मन कुणीतरी नीट समजून घेतल्याशिवाय असा फरक सुचत नाही.

झपाटण्याबद्दल सविस्तर सांगते, कारण या समाजाचा गाभा तिथं आहे. वसाहत जरा मोठी झाली की अधूनमधून एखाद्या बुटक्याच्या डोक्यात काहीतरी शिरतं. तो हातातलं काम टाकतो, एखादी कामाची जागा बळकावतो, तिथं दुसऱ्या कुणाला येऊ देत नाही. खाणं नाही, पिणं नाही, झोप नाही. काही जण तोंडानं मागतात, काही स्वतःशी पुटपुटतात, काही चित्रं काढून दाखवतात. माझ्याकडं ओनुल नावाची खडे कापणारी होती, ती चित्रं काढणाऱ्यांतली. तिला कच्चे खडे हवे होते, ते तिनं स्वतःच कोठारातून उचलून आणले. हाडं हवी होती, ती स्वयंपाकघरामागं होती. आणि मग ती कापडाची चित्रं काढत बसली. वसाहतीत कापडाचा एक तुकडा शिल्लक नव्हता. जमिनीखाली सूत देणारं एक पीक घेतात, ते आम्ही सगळं दारूसाठी वापरलेलं. उन्हाळा संपत आलेला. बुटक्यांचा आपला तांडा येतो शरदात. हवी ती वस्तू मिळाली नाही तर झपाटलेला माणूस वेडा होतो: कुणी अन्नपाणी सोडून मरतो, कुणी हत्यार घेऊन आपल्याच लोकांवर धावतो. मी तातडीनं ते पीक लावलं, माग बांधला, पण पहिल्यांदा हाती आलं ते तांड्याच्या गाडीतलं कापड. तिनं एक बांगडी केली. त्या बांगडीवर वसाहत वसवायला आलेल्या सात जणांचं चित्र होतं. ओनुल त्या सातांतली नव्हती, नंतर आलेल्या लोंढ्यातली होती.

आणि काम पुरं झालं की असा माणूस त्या कसबातला उस्ताद होऊनच बाहेर पडतो. (एक प्रकार असा आहे की ज्यात भूत काम करवून घेतं आणि माणसाला नंतर काहीच शिकायला मिळत नाही, तो मला क्रूर वाटतो.) बाकीचे लोक त्या काळात काय करतात? कुणी त्याला हुसकत नाही. सगळी वसाहत एका माणसाच्या कामासाठी अडून राहते आणि ते योग्य मानलं जातं. आमच्या कारखान्यात एखाद्यानं असं मशीन अडवलं तर काय होईल ते सांगायची गरज नाही. पुढं अशा वस्तू चौथऱ्यावर किंवा काचेच्या पेटीत मांडता येतात, परगावचे लोक बघायला येतात, आणि चोरही येतात.

आण्णा आता गावी असतात. दिवाळीत मी त्यांना हे सगळं दाखवलं, एकेक वाक्य मराठीत सांगत. पेल्यावर करणाऱ्याचं नाव येतं हे ऐकून ते थोडा वेळ पडद्याकडं बघत राहिले. “नाव लिवून ठेवत्यात व्हय? बरं करत्यात.” मग लगेच धंद्याचा प्रश्न आला: “आन् वितळवल्यावर घट किती जातीया?”

इथं खेळ कमी पडतो. वस्तू वितळवता येतात, त्यातून धातूचा काही हिस्सा हाती येतो, तो साठत साठत पुरेसा झाला की अख्खी लगड मिळते. पण तो हिस्सा वस्तूच्या प्रकारावर ठरलेला आहे. कस नावाची चीजच नाही. सोनं म्हणजे सोनं, त्यात मळ नाही, भेसळ नाही, ते शुद्ध करावं लागत नाही. मिश्रधातू भरपूर आहेत: कांसं, पितळ, सोनं-चांदीचं इलेक्ट्रम, सोनं-तांब्याचं गुलाबी सोनं, पोलादाची तर पायरीपायरीची कृती आहे. धातू मिसळण्यावर इतकं प्रेम करणाऱ्यांनी वेगळे काढण्याकडं पाठ फिरवलीय. धातूवर पोसलेला समाज आहे म्हणता, तर त्यात कसोटीचा दगड हवा, खोटं सोनं खपवणारा हवा, आणि ते ओळखणारा गलाईवालाही हवा. सचोटीला एवढा मान देणाऱ्या लोकांची परीक्षा तिथंच होते.

मेलेल्यांशी ते कसं वागतात, हेही या खेळाचं मोठं बळ आहे. प्रेत तसंच पडलं, पुरलं गेलं नाही, तर मेलेला भूत होऊन परत येतो, लोकांना घाबरवतो, कधी जीवही घेतो. प्रेत हाती लागलंच नाही, नदीत गेलं किंवा खोल विवरात हरवलं, तर एक दगडी फळी घडवून तिच्यावर त्याचं नाव आणि हकीगत कोरायची. फळी उभी केली की तो शांत होतो. आमच्या बाजूला गावोगावी, मारुतीच्या देवळाशेजारी नाहीतर वेशीत, वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला घेऊन जातात, वर शिवलिंगाची पूजा. बहुतेकांवर नाव कोरलेलं नाही, आणि आता त्या वीराचं नाव गावात कुणालाच सांगता येत नाही; शेंदूर मात्र लागतो. बुटक्यांच्या फळीवर नाव असतं, कुठं आणि कशानं मेला ते असतं. माझ्या वसाहतीत त्या फळ्यांची एक वेगळी ओवरीच आहे आणि तिथून जाताना लोक थांबतात.

भिंतींवरची कोरीव चित्रंही याच मनातून आलेली. कोरणारा काय कोरेल ते तोच ठरवतो. कधी नुसती अळंबी, कधी एखादा पैलू पाडलेला खडा, आणि कधी मागच्या हिवाळ्यात दरवाजात मारल्या गेलेल्या पहारेकऱ्याचं चित्र. जेवणघराची भिंत वाचत गेलं की वसाहतीचा इतिहास कळतो.

कायद्याचं प्रकरण मात्र मला पचलेलं नाही. पन्नास माणसं झाली की ते आपला मेयर निवडतात, हे ठीक. कसबाप्रमाणे संघ होतात, ते आपल्या संघाचं दालन मागायला येतात, देवळं मागतात. दिलेला शब्द पाळला नाही तर नाराज होतात. हेही ठीक. पण मेयर आणि सरदार लोक आपल्या आवडीच्या वस्तू करायचा हुकूम सोडतात, अमुक वस्तू बाहेर विकायची नाही म्हणतात, आणि हुकूम पुरा झाला नाही तर शिक्षा हाताखालच्या कारागिराला. मार बसतो, कोठडी मिळते. सामान नसताना काम झालं नाही, यात लोहाराचा काय दोष? समाज न्यायाला मानतो असं पानोपानी लिहायचं आणि वागणूक ही. खरे समाज असेच असतात, असं भाचा म्हणतो. मला तो युक्तिवाद पटत नाही, कारण माझ्या वसाहतीत मी शिक्षा थांबवू शकत नाही, फक्त बघू शकते.

गुलामगिरीला मात्र त्यांच्याकडं देहान्त आहे, हे त्यांच्या बाजूनं नोंदवते. आणि शत्रूचं मांस खाणं त्यांना कल्पनेतही सहन होत नाही. एल्फ लोकांना ते चालतं. उलट एल्फांना झाड तोडणं हे पाप, आणि बुटक्यांच्या भट्ट्या लाकडाच्या कोळशावर चालतात. वसंतात एल्फांचे व्यापारी येतात, त्यांच्यापुढं चुकून लाकडाची पेटी ठेवली तर रागावून निघून जातात. दोन्ही बाजूंची तत्त्वं पक्की आहेत, आणि लढाया त्या पक्केपणातून होतात, नुसत्या दुष्टपणातून नाही. मी कोळशाच्या बाजूची आहे, पण झाडाविना उघड्या पडलेल्या माळावर वाढले असल्यानं एल्फांचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही.

बायकांबद्दल थोडक्यात: काम वाटताना बाई-पुरुष असा भेद नाही. खाणीत, भट्टीवर, सैन्यात, मेयरच्या खुर्चीत दोघंही सारखे. तान्हं मूल आई कडेवर घेऊनच फिरते, लढाईतही. त्याचा शेवट काय होतो ते मी बघितलंय आणि आता बाळ असलेल्या बाईला मी तुकडीत ठेवत नाही.

दारूचं काय? हे लोक दारूशिवाय नीट काम करू शकत नाहीत, असं खेळानं ठरवून टाकलंय. दारूबंदीसाठी बायकांनी मोर्चे काढलेल्या भागातून मी आलेय, आणि बुटका म्हणजे दारुडा ही जुनी कल्पना इथंही तशीच उचलली, हे मला आवडलेलं नाही. एवढं मात्र मान्य करते की त्याभोवती बाकीचं जगणं बारकाईनं उभं केलंय. जमिनीखालच्या अळंबीपासून दारू गाळतात, गव्हासारख्या पिकापासून बिअर. दारूखान्यात प्रत्येक संस्कृतीची आपापली कविता, वाद्यं, नाच असतात, तेही, खेळ दर वेळी जे नवं जग तयार करतो, त्याबरोबर नव्यानं तयार होणारे. आणि आजारी माणसाला दारू देत नाहीत, पाणी देतात; अंथरुणाला खिळलेल्याला पाणी पाजायला कुणीतरी आपलं काम सोडून बादली घेऊन जातो. हे दारूखाने 2015 मध्ये आले, तेव्हा मांजरं मरायला लागली होती. शोध घेतल्यावर कळलं की जमिनीवर सांडलेली दारू त्यांच्या पायांना लागत होती आणि पाय चाटताना प्रत्येक चाटण्याला अख्ख्या पेल्याचा हिशोब लागत होता. नंतर ते दुरुस्त झालं. किती खोल हिशोब चालतो ते यावरून समजावं.

जमिनीखालच्या राहणीवर एक सांगलीकर म्हणून बोलायचं राहिलं. हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, हळदीची पेवं आहेत. जमिनीत खणलेली, वर अरुंद तोंड आणि आत ऐसपैस. हळद त्यात वर्षानुवर्षं राहायची आणि कीड लागायची नाही, कारण आत किडीला जगण्याइतकी हवाच नसते. त्याच कारणानं पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही, ते वारा खाऊ देतात. उतरला तर माणूस गुदमरून मरतो. 2005 च्या पुरानं बऱ्याच पेवांची वाट लावली. खेळात जमिनीखाली अन्न पडून सडलं की जांभळी दुर्गंधी पसरते आणि लोक त्रासतात, ते छान जमलंय, आणि उघड्यावर ती पसरत नाही हेही बरोबर. पण खोल खाणीत, शेकडो माणसं आणि पेटत्या भट्ट्या असताना, हवेचा प्रश्न अजिबात येत नाही. भूमिगत समाजाची निम्मी शहाणीव हवेच्या सोयीत असायला हवी होती: कोण पहिला उतरतो, दिवा कोण धरतो, कुठल्या वाटेनं वारा आत येतो. ते सगळं हुकलंय.

पाण्याच्या बाबतीत मात्र कसर नाही. पाण्याची उंची एक ते सात अशी मोजली जाते, ते उतारानं धावतं, दाबानं वर चढतं, भिंतीला एक भोक पडलं की मजलेच्या मजले भरून जातात. पावसाळ्यात रोज सकाळी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी विचारणाऱ्या माणसाला ते आकडे वाचायला शिकवावं लागत नाही. बुटके खूप दिवस उजेडात आले नाहीत तर उन्हात आल्यावर त्यांना मळमळतं, उलट्या होतात, हेही मी खरं मानते. मी रात्रपाळीनंतर दुपारी बाहेर पडणारी माणसं रोज बघते.

एक उणीव मला सगळ्यांत जास्त बोचते. संघाच्या दालनात मोठी माणसं एकमेकांत बसतात, हे झालं. पण घरातलं पोर आईबापाच्या भट्टीशेजारी बसून धंदा शिकतंय, असं या समाजात दिसत नाही. पोरं सामान वाहतात, खेळतात, अठरा वर्षांची झाली की एका दिवसात कामकरी होतात. आमच्याकडं गलाईचं काम कुणी शाळेत शिकलेलं नाही. पोरगा आधी कोळसा आणायचा, मग फुंकायचा, मग चिमटा धरायचा, आणि कित्येक वर्षांनी त्याच्या हातात मूस यायची. आण्णांच्या हातात ती त्यांच्या चुलत्यानं दिली. कारागिरीला सर्वांत वर ठेवणारे लोक ती पुढं कशी देतात, हा पहिला प्रश्न असायला हवा होता. मुलगी आईचाच धंदा धरते की दुसरा, त्यावरून घरात भांडण होतं की नाही, हे बघायला मी आणखी पैसे मोजायला तयार आहे.

घ्यावा का? अमेरिकेत किंमत 29.99 डॉलर आहे. स्टीमवर सवलतीच्या दिवसांत कमी होते, तेव्हा घ्या. सगळा मजकूर इंग्रजीत आहे आणि वाचन प्रचंड आहे. वाचायचा कंटाळा असेल तर हा खेळ तुम्हाला दगड हलवणाऱ्या बाहुल्यांसारखा वाटेल. शिकायला वेळ लागतो. चित्रांच्या आवृत्तीत सुरुवातीचे धडे आहेत, तेवढ्यानं पहिली भट्टी पेटते, पुढचं स्वतः शोधायचं. लॅपटॉप साधा असेल तर वसाहत वाढेल तसा खेळ मंद होत जातो, कारण प्रत्येक बुटक्याचा, मांजराचा आणि पाण्याच्या थेंबाचा हिशोब चाललेला असतो. लोकसंख्येची मर्यादा 200 वर ठेवलेली असते, ती सेटिंगमध्ये जाऊन शंभराच्या आत आणा. त्यानं समाज लहान होत नाही. उलट प्रत्येकाचं नाव लक्षात राहतं.

स्टीमवर खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मागता येतात. या खेळात दोन तासांत काही कळत नाही, त्यामुळं त्या सोयीवर विसंबू नका. त्यापेक्षा अ‍ॅडम्स बंधूंच्या बे 12 गेम्सच्या संकेतस्थळावर अक्षरा-चिन्हांची जुन्या वळणाची आवृत्ती अजून मोफत मिळते, ती आधी उतरवून घ्या. दिसायला रूक्ष आहे, पण माणसं तीच आहेत. पहिला कुणी झपाटेपर्यंत तरी खेळा, त्याला हवं ते मिळवून द्या, आणि मग पैसे द्यायचे की नाही ते ठरवा.